निवड

बेदाण्याचा सीझन संपला तसा मालकानं
आम्हा तेवीस जणींना टेम्पोत घालून
तासगावहून सांगलीला नेलं. हिंदी पिक्चर.

इंटरव्हलच्या आधी त्यानं तिच्या थोबाडीत दिली.
केवढा आवाज! पार बाल्कनीपर्यंत.
कमळाक्का कानाशी म्हणाली,
खऱ्याला असला आवाज नसतो गं,
आधी टीव्ही मोठा करतात.

ती रडली, काजळ जागच्या जागी.
मग तो रडला.
त्याचं रडणं जवळून दाखवलं, बराच वेळ.
शेवटी तिनं माफ केलं
आणि मागच्या खुर्च्यांनी टाळ्या पिटल्या.

परतताना कवलापूरपर्यंत कुणी बोलेना.
मग शमशाद म्हणाली,
लिहिणारा बाप्याच असणार.

मग काय, हातांना सवयच.
काडी, खडा, काळा दाणा
काढतात तसं काढत गेलो :
पावसातलं गाणं काढलं,
सासूचे डोळे पुसणं काढलं,
‘रागाच्या भरात झालं’ हे तर ओंजळीनं.

उरली एक बाई,
हातात वायरची पिशवी, एसटी स्टँड.
पुढचं कुणालाच सुचेना.
टेम्पो खड्ड्यातून गेला, सगळ्या एकमेकींवर.

वैजंता अख्ख्या सीझनभर
दहा शब्द बोलली नसेल.
पदर सारखा करत म्हणाली,
विट्याची शेवटची गाडी पावणेनऊला.
ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची.
सुट्टे जवळ ठेवायचे.
बायांना आता अर्धंच तिकीट पडतं.