चाळीसेक

पहाटे पावणेचारला यादी येते.
चौकोनी कंस उघडतो, आत महिरपी कंस,
प्रत्येक महिरपीखाली एक होडी उभी:
नाव, कप्तान, मासा, वजन.
एक्केचाळीस होड्या, स्वल्पविरामांनी एकमेकींना बांधलेल्या,
धक्क्यावर दोरानं बांधतात तशा.

खिडकीबाहेर फ्योर्ड. डिसेंबर.
सूर्य डोंगरामागे गेलाय तो जानेवारीतच परतेल.
लिलाव सहाला.
तोवर माझ्या प्रोग्रामनं सगळ्यांची बेरीज मांडायची.

माझी भाषा कडक आहे.
तिला आधी सांगावं लागतं काय येणार ते:
नाव म्हणजे अक्षरं, वजन म्हणजे संख्या.
दारात उभी राहून ती एकेकाची पिशवी तपासते.
रेक्याविकची पोरं म्हणतात, सैल भाषा घे की,
काहीही गिळते, काही विचारत नाही.
काहीही गिळणाऱ्या माशाला
आमच्या धक्क्यावर भाव नाही, मी म्हणते.

लूप निघतो.
शून्यावर ‘स्वाला’, कॉड, आठशे बारा.
(पहिली होडी शून्यावर का, हाल्वार्दुरनं विचारलं होतं एकदा.
मी म्हटलं, होडीत पाय ठेवण्याआधी जिथं उभा असतोस ना, तिथून मोजायचं.
म्हणजे धक्का, तो म्हणाला.
याहून बरं मला कुठल्या पुस्तकानं समजावलं नाही.)
एकवर ‘क्रिया’, हॅडक, तीनशे सहा.
दोन, तीन, चार, सगळं सुरळीत,
आणि सोळावर थांबला.

थांबला म्हणजे सगळंच थांबलं.
शितावरून भाताची परीक्षा करते ही,
आणि एक शीत कच्चं लागलं तर अख्खा हंडा ओतून देते.
लाल ओळ: संख्या हवी होती, अक्षरं मिळाली.
उघडून पाहिलं. ‘हिल्दुर’, हॅलिबट, एकच मासा.
वजनाच्या जागी, अवतरणचिन्हांत,
‘चाळीसेक’.

फोन लावला. पलीकडे वारा आणि हिटरची घरघर.
काटा गोठलाय, हाल्वार्दुर म्हणाला. हातानं उचलून पाहिला.
मग चाळीस लिही ना.
चाळीस कसं लिहू? चाळीस आहे हे मला कुठं माहीत आहे?
मग रिकामं सोड.
रिकामं कसं सोडू? मासा आहे की इथं,
डोळा उघडा ठेवून बघतोय माझ्याकडे.

चार वीस.
शून्य धरणं सोपं होतं. पण शून्य म्हणजे
कप्तान रिकाम्या हातानं आला, आणि तो तसा आला नव्हता.
सोळावी वगळून पुढं जाणं त्याहून सोपं.
बेरीज झाली असती, होडी बुडाली असती
कोरड्या जमिनीवर, माझ्या टेबलापाशी.

शेवटी वजनाचा टाइपच मोडून नवा केला, दोन दारांचा.
एक, मोजलेलं: किलो.
दुसरं, अंदाजे: किलो, आणि कोणाच्या हातानं.
मग कंपायलर मागं लागला.
बेरजेत अंदाजाचं काय करू? पावतीवर काय छापू?
दलाली कशावर लावू?
नऊ ठिकाणी विचारलं त्यानं. नऊ ठिकाणी मी उत्तर दिलं,
सातव्याला शिवी देऊन.

पाच चौतीस. लूप पुन्हा निघाला.
सोळावर दुसऱ्या दारानं आत गेला,
सतरा, अठरा, पुढं,
आणि चाळीसवर चौकोनी कंस मिटला.
होड्या एक्केचाळीस, शेवटचा आकडा चाळीस.
मला हसू आलं, एकटीलाच, त्या काळोखात.

सहाला पडद्यावर झळकलं:
‘हिल्दुर’, हॅलिबट, अंदाजे चाळीस, हात: हाल्वार्दुर.
फ्लाटेरीच्या बाईनं हातावरचं नाव वाचलं
आणि न बघताच बोली लावली.

दुपारी काटा सुटला.
तोलायला मासा उरला नव्हता.