खिशातली क्लिप

बटन दाबायचं, एक श्वास थांबायचं,
मग बोलायचं.
नाहीतर पहिलं अक्षर खोऱ्यातच राहतं.
सुकराय बेठेकर म्हणून माझ्याकडे
तीन वर्षं "कराय" असाच येतो,
आणि त्याच्याकडे मी, दिगंबर, नुसता "गंबर".

आमचं ठाणं म्हणजे सेमाडोहपुढची पत्र्याची खोली,
बांबूला बांधलेला अँटेना, एक बॅटरी, एक वही.
इथून पुढे मोबाइल फक्त टॉर्च.
जीपमागे ट्रेलर,
ट्रेलरमध्ये छातीचे फोटो काढायचं यंत्र,
खाली गादी, वर गादी, मधे ते.

सकाळची जोडणी माझी.
हुकावर दांडी, दांडीत पिन, पिनेला क्लिप.
साखळ्या दोन, दांडीखालून फुली करून.
दांडी सुटलीच तर जमिनीत घुसू नये,
फुलीच्या झोळीत पडावी.
परतवाड्याच्या रज्जाक वेल्डरनं शिकवलं होतं,
कानावरची बिडी न काढता:
"पिन चांगलीच असते रे. तरी साखळी लाव."

मंगळवारी ते बिबाटेंभ्याला निघाले.
अकरा वाजता: "नाला पार. ओव्हर."
सव्वाअकराला: "उतार लागला.
कोणी चाकाखालचा दगड रस्त्यातच सोडून गेलं.
काढून टाकतो. ओव्हर."
मग काही नाही.

बारा वाजता वहीत लिहायला
खिशात पेन शोधला,
आणि बोटाला क्लिप लागली.

केवढीशी वाकवलेली तार.
सकाळी चहा आला होता,
नर्स प्रणोतीबाईंनी औषधांची पेटी मागितली होती,
एका हातात कप,
म्हणून क्लिप खिशात, एक मिनिटासाठी.

"सुकराय, थांब. पिन बघ. ओव्हर."
खरखर.
"सुकराय."
तव्यावर लाह्या फुटत राहाव्यात तशी खरखर.

पिनेचं काय झालं असेल ते मला दिसत होतं,
प्रत्येक खड्ड्याला एक बोट वर.
पण साखळ्या?
फुली केली होती का?
डोकं काही सांगेना, म्हणून हातांना विचारलं.
हात टेबलावर आपोआप फिरले,
डावी उजवीकडे, उजवी डावीकडे,
धुळीत फुली उमटली.
तिच्यावर भरवसा ठेवावा की नाही
हे धूळ थोडीच सांगणार.

एकला दहा कमी.
"...कराय बोलतो.
पिन गेली ना बाप्पा. कुठं पडली मालूम नाही.
मोडक्या पुलाच्या अलीकडे मागून ठोसा बसला,
साखळ्यांनी धरलं.
भोकात पाना घातला, वरून तार गुंडाळली.
बाई बरी आहे, मशीन बरी आहे.
तुही क्लिप कुठं हाय? ओव्हर."

बटन दाबलं. एक श्वास थांबलो.
मग अजून एक.
"खिशात."
अख्खा शब्द गेला, एक अक्षर सांडलं नाही.
ओव्हर म्हणायचं राहिलं,
म्हणून तो वाट बघत बसला,
आणि मीही,
मधे सगळं मेळघाट.

संध्याकाळी जीपमधून उतरून
त्यानं नुसता तळहात पुढे केला.
मी क्लिप ठेवली.
बोअरच्या पंपाची लाल दोरी उरली होती,
तिनं त्यानं ती दांडीला बांधून टाकली.
एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं.

आता क्लिप जागेवर नसली की लोंबते,
लोखंडावर टकटक वाजते.
पेटी कोणी मागो, चहा कोणी आणो,
ती वाजायची थांबेपर्यंत
मी कोणाला ओ देत नाही.

पिन पंधरा दिवसांनी सापडली.
बिबाटेंभ्यात एका पोरीनं
तिला बकरी बांधली होती.
मागितली नाहीस? मी विचारलं.
सुकराय म्हणाला,
"राहू दे. तिथं पक्की बसली."