अनंताला लोखंड

त्रिशलाचा फोन येतो तेव्हा
इथं रात्रीचे साडेनऊ, तिथं सहा,
आणि दिवस तर तिकडं तीनलाच मिटलेला.
"पप्पा, कळ्या गळायला लागल्या."

टाम्पेरेच्या एका दुकानात
चंदेरी कागदात गुंडाळलेलं रोप, वर चिठ्ठी: गार्डेनिया.
नाव वाचून ती पुढं गेली होती म्हणे.
वास मागनं आला, खांद्याला धरून वळवलं,
अगं, हा तर आपल्या दारातला अनंत.

एकतीस वर्षं मी उद्यमनगरात साचे भरले,
झाडातलं मला काय कळतंय?
पण एका साली दारातला अनंत पिवळा पडला,
शिरा हिरव्या, पान पिवळं,
कावीळ झालेल्या पोरासारखा.
रोपवाटिकेतला जिन्नाप्पा हसला,
"मिस्त्री, तुम्ही लोखंडातली माणसं
आणि झाड लोखंडावाचून मरतंय व्हय?
बोअरचं पाणी बंद करा, चुना हाय त्यात.
गगनबावड्याकडची तांबडी माती आणा."
माती आणली.
वर खिशातनं चिमूटभर कीस,
लेथखाली सांडलेला, कुणाला न विचारता.
झाड मातीनं सुधारलं असणार.
श्रेय मी किसाला दिलं.

तर ऐक, बाई.
जागा हलवू नको.
दर दोन दिवसांनी खिडकी बदलतीस,
त्याला वाटतं आपण पाहुणे.
हीटरपासनं लांब ठेव.
परातीत खडे घाल, पाणी घाल, वर कुंडी,
पण बुडाला पाणी टेकू द्यायचं नाही.
बर्फ वितळवून घातलास तरी चालेल,
फक्त आधी घटकाभर घरात बसू दे त्याला.
आणि रात्री हीटर जरा उतरव.

"थंडीनं मरेल ना?"

मरणाची थंडी वेगळी.
कळी धरायला रात्र थोडी गार लागते,
दिवाळीनंतर पन्हाळ्यावर पडते तेवढी.
नुसत्या उबेत ते पानंच काढत बसतं.

एवढं बोललो आणि दोघंही गप्प झालो.
ती गेली त्या साली
मी तिच्याशी पंधरा दिवस बोललो नव्हतो.
विमानतळावर तिची आई एकटी गेली,
मी दारात नळी धरून उभा.

फेब्रुवारीत एक फूल आलं.
उणे एकोणीस बाहेर, आत एक फूल.
तिसऱ्या दिवशी घाबरून फोन,
"पप्पा, हेही पिवळं पडलं."

पानाचं पिवळं वेगळं, फुलाचं वेगळं.
पान आजारानं पिवळं होतं,
फूल नुसतं वयानं.
वास आहे ना अजून?
मग राहू दे, उशाशी ठेव.

"आणि तुमचा खोकला?"

तो वाळूचा आहे, जुना आहे.
तू फुलाचं बोल.