बाराची वेळ

जीप थांबली ती राजापूरच्या फाट्यावर.
नंबर नाशिकचा, काचा काळ्या,
उतरला त्याच्या पायात
कधी ढेकूळ न तुडवलेले बूट.
"बाबा, तुम्ही पूर्वी… म्हणे."
पूर्वी हा शब्द तो असा म्हणाला
जसं कुणी दारूच्या दुकानात
बाटलीकडे नुसतं बोट दाखवतं.

"हरणाला चांगली वेळ कोणती?"

हरणाला?
की तुला?

मी चहात बिस्कीट बुडवलं.

वेळ मला ठाऊक आहे.
झुंजुरकं असताना, आपलाच हात
आपल्याला राखेसारखा दिसतो तेव्हा
कळप हरभऱ्यातून माळाकडे वळतो,
पोट भरलेलं, कान सैल.
वारा मावळतीकडून असेल तर
उगवतीच्या बांधाला पालथं पडायचं,
म्हणजे वास मागे जातो
आणि सूर्य वर आला की
आपल्या पाठीशी, त्यांच्या डोळ्यांत.
बिडी नाही. खोकला आला तर गिळायचा.
अंगावरचं धडुतं आदल्या रात्री
शेळ्यांखाली अंथरलेलं.
काळा नर रोज येतो
आपल्या लेंड्यांच्या ढिगावर, त्याच जागी,
सातबाऱ्यावर नाव असल्यासारखा.
मान वर करतो, शिंगांचे पीळ
पाठीला टेकतात,
एक श्वासभर थांबतो.

ती वेळ.

दुसरी दिवेलागणीची.
तेव्हा हरणापेक्षा सावली मोठी,
नवशिके सावलीला मारतात
आणि छर्रे मातीत शोधत बसतात.

तिसरी मी कुणाला सांगत नाही.
बाहत्तर साली डबकं तळाला गेलं,
तेव्हा वेळ बघावी लागत नव्हती.
भर दुपारी बाराला यायच्या माद्या.
आम्ही चौघं उघड्यावर उभे,
ठासणीची बंदूक खांद्याला,
लपायचंही भान नाही
आणि तरी त्या प्यायच्या.
आमच्याकडे बघत बघत प्यायच्या.
त्या दिवशी तीन पडल्या.
वाटे झाले. माझा वाटा आईनं शिजवला
आणि मीठ घालायचं विसरली.
विसरली नसेलही.
कुणी मीठ मागितलं नाही.

"बारा," मी म्हणालो,
"भर उन्हात, पाणवठ्यावर."
दुसरा काच खाली करून म्हणाला,
"नक्की? आम्ही तर ऐकलंय, पहाटे."
म्हटलं, पंचवटीतूनच आलात ना?
तिथलं ते सोन्याचं हरीण
अंधारात कुणाला दिसलं असतं?
सोनं उन्हातच चमकतं, साहेब.
पटलं त्यांना.
माझ्या चहाचे पैसेही दिले.

मग मी नंबर सांगायला
फॉरेस्टच्या गांगुर्डे मॅडमला फोन लावला.
त्या ममदापूरला, टँकरवाल्याशी भांडत होत्या.
म्हणाल्या, निघतेच.

बारा ते तीन ते दोघं
हिवराच्या चाळणीसारख्या सावलीत बसले,
सावली सरकली की ते सरकायचे.
कळप तिथून अर्ध्या कोसावर,
निंबाखाली रवंथ करत.
पाण्याला त्यांना घाई नाही आता,
टाकी मी रोज भरतो.
मॅडमची मोटारसायकल टेकाडावर दिसली
तेव्हा जीपचा धुरळा
येवल्याच्या रस्त्याला लागला होता.
बूट मात्र एक राहिला मागे,
कुसळांनी भरलेला.

मॅडमनी तो पंचनाम्यात लिहिला.
वेळ विचारली, मी सांगितली, बारा.
त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं.

दिवेलागणीला मी टाकीचा कॉक सोडतो
आणि उगवतीच्या बांधाला
पालथा पडतो, सवयीनं.
गुडघे कुरकुरतात. बिडी नाही.
आधी एक मादी, मग पाडस, मग सगळी.
शेवटी तो येतो, मान वर करतो.
माझा डावा डोळा मिटतो आपोआप
आणि तर्जनी वाकते,
मातीत,
रिकामी.