मिशीचा डिंक

महिलांच्या नाट्यस्पर्धेत मी सतरा वर्षं नवरा होते.
कधी इनामदार, कधी दारुडा, एकदा मामलेदार.
उंची पाच फूट आठ, आवाज खर्जातला,
दिग्दर्शक विचारतही नसत.
माशेलला तिसऱ्या अंकात मी सुलक्षेचा हात धरला
तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.
असा नवरा मिळायला नशीब लागतं, कुणीतरी म्हणालं.

सुलक्षेला वास्कोला दिली.
आहेराचं पाकीट मीच नेलं,
पाचशे एक रुपये, वर नाव मंडळाचं.

इर्मा भेटली ती मापं घेताना.
मळ्यात तिचं मशीन. तियात्राचे झगे, आमचे अंगरखे,
सगळं एकाच टेपवर.
छाती आवळायची पट्टी शिवून दिली
आणि म्हणाली, ही इथे येऊन सोडायची.
बावीस वर्षं सोडते आहे.
डिंकाने ओठावर चट्टा पडला, त्याला खोबरेल तीच लावते.
शेजारी म्हणतात, बिचाऱ्या दोघी एकट्या.
दोघी, आणि एकट्या.
हे व्याकरण पणजीत अजून कुणाला खटकलेलं नाही.

मांडवीत कसिनोच्या बोटी रात्रभर जागतात.
तालमीच्या हॉलमध्ये बर्गर मिळतो.
रस्ता तिसऱ्यांदा खणलाय, इर्माच्या उंबऱ्याला फळी टाकलीय,
त्या फळीवरून परवा चार पोरं आली.
एकीचं डोकं भादरलेलं, एकाची नखं जांभळी.
मिरामारला मोर्चा, झेंडा शिवायचाय,
सहा रंग, बारा मीटर.
इर्माने कापड चाचपलं. असल्याने वाऱ्यात टिकायचं नाही, म्हणाली,
आणि स्वतःच्या कपाटातलं पॉपलीन काढलं.

जांभळ्या नखांनी विचारलं, आंटी, तुम्ही बाहेर कधी आलात?
तिसरी घंटा झाली की, मी म्हटलं.
तो हसला नाही. वाट बघत बसला.
मला संवाद आठवेना.
मशीन थांबलं होतं, इर्मा सुईत दोरा घालत होती,
घातलेलाच दोरा.

रविवारी मी एकटीच गेले.
मिशी नाही, फेटा नाही,
हात कुठे ठेवायचे कळेना.
पोरं ओरडत होती, मी ओठ हलवत होते.
तिथे आईस्क्रीमच्या गाड्याशी एक म्हातारी थांबली,
हातातला कप विसरून बघत राहिली.
"तूं तो मामलेदार न्हय गो? माशेलचो?"
मी मान हलवली.
"आनी तुजी बायल खंय?"

घरी आहे, म्हटलं.
गुडघे दुखतात तिचे.