सात नंबर

केरबा सोनोने क्लॅरिनेट ठेवून गेले
मंगळवारी, मल्हारगंजात, माझ्या दुकानाच्या फळीवर.
एक निखळलेली चावी वेगळी, पोह्यांच्या कागदात.
"गळतेय, बाई. लगीनसराई आली. बघा."

पॅड झिजलेलं. निषादाच्या भोकातून
चिमूटभर हवा सुटत होती, बस्स.
नवं कातडं कापलं, लाख तापवली,
फुंकून पाहिलं: निषाद शुद्ध,
इस्त्रीच्या सदऱ्यासारखा.

शनिवारी परत दारात.
"सात नंबर वाजत नाही."

त्यांच्या बँडात बाकीच्या गाण्यांना नावं आहेत,
हिला नुसता आकडा.
नवरदेवाची घोडी चौकात अडली की हीच लावायची.
सहा मात्रा, दादऱ्याच्याच,
पण दादरा बसून ऐकावा, ही बसू देत नाही.

आली कुठून?
महूच्या छावणीतून. पणज्याला एका गोऱ्या सार्जंटनं दिली,
दाढी करताना शीळ घालायचा तो.
त्याला कुठून?
त्याच्या गावाहून. गवत कापून झालं
की रिकाम्या कोठारात बायका एका रांगेत, पुरुष समोर,
दोन पावलं पुढे, दोन मागे,
आणि कोपऱ्यात फिडलवाला, आंधळा.
आणि आंधळ्याला?
"ते नाही सांगितलं," केरबा म्हणाले.
"तेवढ्यात दाढी संपली."

पणज्याची वही आणली होती पिशवीतून.
वर इंग्रजी नाव, कसरीनं खाल्लेलं;
शेवटचं एक अक्षर उरलंय, शेपटीवालं.
खाली तारांवर बसलेल्या काळ्या टिकल्या.
मी बोट नेलं नेमक्या जागी,
तिथे भोक.

म्हणजे तो उतरलेला निषाद,
ज्याच्यामुळे चाल घडीभर
खमाजाच्या अंगणात डोकावून येते,
तो आंधळ्याचा?
सार्जंटच्या पडक्या दाताचा?
की नुसती चार पिढ्यांची गळती?

"तुम्ही केलंत ते बरोबरच आहे," केरबा म्हणाले,
वही पिशवीत सरकवत.
"पण आता बिघडवा."

जुनं पॅड केराच्या डब्यात सापडलं.
पुसून परत बसवलं.
पैसे दोन्ही वेळचे घेतले.

रात्री मी शटर ओढत होते,
राजवाड्याकडून वरात येत होती.
बँड मध्येच थांबला.
मग सात नंबर,
निषाद गळका, जिथल्या तिथे.
घोडी हलली की नाही
ते जनरेटरच्या धुरात दिसलं नाही.