शिवण

वनखात्यानं इंदलला दिली
एक शिट्टी, एक टॉर्च, एक खाकी टोपी.
छातीसाठी काही नव्हतं,
ते मी शिवलं.

राइस मिलचा तुटका पट्टा, दोन पदर.
मधे जीपच्या पाट्याचे तुकडे, लोहाराकडून चापट करून आणलेले.
वरून तीन जुन्या जीन्स,
आतून माझ्या लग्नातली सतरंजी.
मशीनच्या चार सुया मोडल्या.
मग दाभण घेतलं, मेण लावलेला दोरा
आणि बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

किराण्याच्या काट्यावर भरलं साडेनऊ किलो.
"हे घालून पळू कसा मी?"
"पळा लागू नये म्हनून तं शिवली."

माघातली सकाळ. धान निघून गेलेली बांधी,
पायाखाली खुंट टोचणारे.
धुऱ्यावर तनसाचा माणूस उभा केला,
त्याच्या छातीत बसवला कोहळा,
वरून जाकीट. पोरांनी त्याला टोपीही घातली,
ती इंदलनं काढून घेतली.
"सरकारी आहे बे."

आधी निळकंठभाऊची भरमार.
डुकरांसाठी परवाना असलेली, दारू आठवड्याची उरलेली.
गजानं ठासताना त्यांची जीभ
दातांत धरलेली, शाळेत गणित सोडवताना धरावी तशी.
धूर झाला. बगळे उडाले.
एक कुत्रं थेट गावापर्यंत ओरडत गेलं.
आम्ही धावलो तर
शिशाची गोळी पट्ट्यात चपटी होऊन बसलेली,
रुपयाएवढी, अजून ऊन.
पोरं नाचली. निळकंठभाऊ जरा हिरमुसले,
मग तेही हसले.

सोमाकाका पोरेटी मात्र उकिडवेच बसून राहिले,
धनुष्य मांडीवर, जणू दुसऱ्या कोणाचं आहे.
पहिला बाण मारला, पाट्यावर वाजला, पातं वाकलं.
दुसऱ्याचंही तेच.
तिसरा लावला नाही.
उठले, चालत जाकिटापाशी गेले,
अंगठ्यानं दाबत राहिले वरपासून खाली,
बाजारात बकरी पाहावी तसे.
मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं,
"कोठं जोडलीस गा बाई?"

मी दाखवलं.
मीच बोट ठेवलं.
दोन पाट्यांच्या मधे, डाव्या बाजूला,
जिथं टाका मला सगळ्यात सरळ जमला होता.

चाळीस पावलं मागे गेले ते.
आवाज काहीच झाला नाही.
बांबूची काडी पाठीतून वीतभर बाहेर,
तिच्या टोकाला कोहळ्याची एक बी, ओली.

कोणी नाचलं नाही.
काकांनी बाण उपसून बी पुसली धोतराला.
"रातच्याला कोनी असा पाहून मारत नाही," म्हणाले,
"अंधार रायते."
अंधारात जंगलात कोण धनुष्य घेऊन असतं,
कोण बंदूक, आणि कोणाच्या बाजूनं,
हे आमच्याकडे विचारत नाहीत.
त्यांनीही पुढं काही सांगितलं नाही.

संध्याकाळी कोहळा भाजीला चिरला.
बाणाचं भोक बारीक, स्वच्छ.
पण गोळी जिथं आत शिरलीच नव्हती,
तिथं सालीला ओरखडा नसताना
आतून उभी चीर गेलेली,
गर सुटून पाणी झालेला.
मी तेवढा भाग फेकून दिला.
ताटावर सगळे गोळीचंच कौतुक बोलत होते.

आता जाकीट उसवून बसले आहे.
पाटे कवेलूंसारखे रचते आहे, एकावर एक चढवून,
पाऊस शिरत नाही तर बाण तरी कसा शिरेल.
काखेचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.
गळ्याचंही नाही.

इंदल ड्यूटीवर गेला, अंगात नुसता स्वेटर.
कंदिलाजवळ दाभण आत, दाभण बाहेर.
नाल्यापलीकडून शिट्टी आली,
एकदाच.
एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय,
हे आम्ही ठरवलंच नव्हतं.